पंधरा सेंटिमीटरची ताटली : घरी बांधलेल्या विमानातल्या एका रेडिओचं प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी होती. ऐकू सगळं येतं, पण आपण बोललेलं पलीकडे कळत नाही. बोलायचं बटण दाबलं की हेडसेटमध्ये शिट्टी घुमते आणि तेलाच्या तापमानाचा आकडा टुणकन उडी मारतो. जवळच्या टॉवरचं उत्तर दर वेळी एकच: कॅरियर (शब्द वाहून आणणारी मूळ लहर) येतोय, शब्द लागत नाहीत.

विमान अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं, एका गवताच्या धावपट्टीवर राहणारं. दोन आसनी, पंख डोक्यावर, वेल्ड केलेल्या क्रोमोली पोलादाच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर इस्त्रीने ताणून बसवलेलं पॉलिएस्टर कापड, आणि पुढे १०० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ इंजिन. मालक निवृत्त टूलमेकर. हाताची सफाई अशी की वेल्ड नुसते बघत बसावेत. अमेरिकेत विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौसेखातर किंवा शिकण्यासाठी स्वतः बांधला असेल, तर त्याला ‘प्रायोगिक, हौशी बांधणी’ या वर्गात उडायचं प्रमाणपत्र मिळू शकतं. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात उभं राहिलं, तेव्हा कुठे अनेकांना कळलं की असंही करता येतं. तिकडे मात्र हे चारचौघांचं काम आहे. आणि वेल्डिंग, कापड, रंग, इंजिन सगळं जमलेला माणूस अडतो तो बहुतेक वेळा विजेपाशी येऊन.

माझ्याकडे प्रकरण आलं तोवर नेहमीचे उपाय होऊन गेले होते. रेडिओ काढून दुरुस्तीच्या टेबलावर तपासला गेला होता, तो ठणठणीत निघाला. हेडसेट बदलून पाहिले होते. हेडसेटच्या वायरींवर फेराइटचे (वायरीतून येणारा रेडिओचा करंट अडवणारे) क्लिप-मणी लावले होते, त्याने शिट्टी थोडी मंदावली, गेली नाही. मला यातली एक गोष्ट आधीपासून महत्त्वाची वाटत होती: त्रास फक्त बोलताना होत होता. इग्निशनचा आवाज असता तर तो ऐकताना आला असता आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढला-उतरला असता. इथे इंजिन बंद ठेवून, नुसत्या बॅटरीवर बटण दाबलं तरी शिट्टी होतीच.

अँटेना होता केबिनच्या मागे, पाठीवर. मागे वाकलेल्या दांडीचा, बाजारात मिळणारा, चांगल्या प्रतीचा. त्याच्या बुडाशी, कापडाखाली, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची गोल ताटली. ती ताटली सांगाड्याला वेल्ड केलेल्या पत्र्याच्या कानांवर बोल्टने बसवलेली. बस्स. त्यापलीकडे सगळं कापड.

“एवढीच ताटली का?” असं विचारल्यावर मालकांनी मला विमानाच्या पोटाखाली नेलं. तिथे ट्रान्सपॉन्डरचा, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या यंत्राचा, बोटभर अँटेना अगदी तशाच ताटलीवर बसवलेला होता. “हा इतक्याच पत्र्यावर झकास चालतो. मग वरच्याला काय धाड भरलीय?”

प्रश्न रास्त होता, आणि अख्ख्या प्रकरणाचं मूळ त्यातच होतं. अशा दांडीच्या बुडाखालच्या पत्र्याची त्रिज्या साधारण पाव तरंगलांबीएवढी लागते. ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ट्रान्सपॉन्डर उत्तर देतो १०९० मेगाहर्ट्झवर. तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा पाव भाग सात सेंटिमीटरला किंचित कमी. म्हणजे साडेसात सेंटिमीटर त्रिज्येची ताटली त्याला पुरून उरते. विमानाचा बोलायचा रेडिओ चालतो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. मधला १२७ धरला तर तरंगलांबी २३६ सेंटिमीटर आणि पाव भाग ५९. त्याच न्यायाने या अँटेनाला जवळपास १२० सेंटिमीटर व्यासाचा पत्रा हवा. मालकांनी माप उचललं होतं, ते ज्या कंप्रतेसाठी होतं ती मात्र पोटाखालीच राहिली होती.

पत्र्याच्या विमानात हा प्रश्न येत नाही, कारण अख्खी पाठच ग्राउंड प्लेन, म्हणजे अँटेनाच्या बुडाखाली लागणारा धातूचा पसारा, होते. म्हणून अँटेनाच्या सोबत येणाऱ्या कागदावर या विषयाला एखादं वाक्य मिळतं, आणि कापडाचं किंवा फायबरग्लासचं विमान बांधणारा नेमका त्या वाक्यावरून पुढे सरकतो.

परतीचा करंट कुठून जातो

पाव तरंगलांबीची दांडी हा मुळात अर्धाच अँटेना. दुसरा अर्धा म्हणजे तिच्या बुडाखालचा धातू. दांडीत जितका करंट चढतो तितकाच खालच्या धातूत पसरावा लागतो. त्याला दुसरा मार्ग नाही. गच्चीवर २ मीटर बँडसाठी ग्राउंड प्लेन उभा केलेल्या हौशी रेडिओवाल्यांना हे सांगायला नको. खालच्या चार काड्या शोभेच्या नसतात. त्या काड्याच नसल्या तर करंट थांबत नाही. त्याला जवळचा जो धातू मिळेल त्यावरून तो जातो, आणि अँटेनाच्या बुडाशी सर्वांत जवळचा लांब धातू म्हणजे रेडिओपासून अँटेनापर्यंत येणाऱ्या कोॲक्स केबलची (मधे तार, भोवती धातूची जाळी) बाहेरची जाळी.

कोॲक्सच्या आतला करंट आतल्या तारेवर आणि जाळीच्या आतल्या पृष्ठावर वाहतो. बाहेर त्याचा मागमूस नसतो. पण जाळीच्या बाहेरच्या पृष्ठावरून परतीचा करंट वाहू लागला की ती केबल स्वतःच अँटेना होते. या विमानात ती केबल पाठीपासून आसनांच्या मागून, दाराच्या चौकटीशेजारून पॅनेलपर्यंत आली होती, आणि सुबक दिसावं म्हणून हेडसेटच्या वायरी आणि इंजिनाच्या सेन्सरच्या वायरी तिच्यासोबत एकाच जुडग्यात बांधल्या होत्या. गाठी अगदी एका मापाच्या.

आता शिट्टीचं गणित जुळतं. विमानाचा रेडिओ आजही एएम वापरतो, म्हणजे आवाजाप्रमाणे लहरीचा जोर कमी-जास्त करण्याची पद्धत. एएमची गंमत अशी की ती ओळखायला खास सर्किट लागत नाही. डायोडसारखं काहीही, म्हणजे इंटरकॉमच्या ॲम्प्लिफायरमधला एखादा सेमीकंडक्टर जोडसुद्धा, तिच्यातून आवाज वेगळा काढतो. तुम्ही बोलता, ते अँटेनाकडे जातं, केबलच्या पाठीवरून परत येतं, माइकच्या वायरीत शिरतं, पुन्हा आवाज बनतं आणि पुन्हा अँटेनाकडे जातं. ही फेरी सुरू झाली की शिट्टी घुमणारच. टॉवरला जे अगम्य ऐकू येत होतं ते हेच होतं. ताकद पुरेशी होती, शब्दच आत चिरडले जात होते.

तर्क झाला, पण तर्कावर कुणाच्या विमानाचं कापड उघडू नये.

मोजणी

पहिली चाचणी साधी. अँटेनाच्या बुडाशी केबल सोडवली आणि तिच्या टोकाला ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे ताकद बाहेर न टाकता जिरवणारा नकली अँटेना, लावला. तोच रेडिओ, तीच केबल, तेच जुडगं, पूर्ण ताकद. बटण दाबलं: शिट्टी नाही, तापमानाचा आकडा जागचा हलत नाही. डमी लोड काढून अँटेना जोडला: शिट्टी हजर. म्हणजे रेडिओ, माइक, अर्थिंग या सगळ्यांची एका झटक्यात सुटका झाली. दोष केबलच्या त्या टोकापलीकडे होता.

मग व्हीएनए लावला, म्हणजे कुठल्या कंप्रतेवर अँटेनाकडून किती ताकद परत येते याचा आलेख काढणारं यंत्र. हल्ली खिशात मावणारे स्वस्त व्हीएनए मिळतात आणि एवढ्या कामाला ते भरपूर आहेत. रेडिओच्या टोकाकडून पाहिलं तर एसडब्ल्यूआर (परत येणाऱ्या ताकदीचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) पट्ट्याच्या मधोमध १.७ आणि दोन्ही कडांना ३ च्या थोडा आत. मालकांनी लगेच कागद दाखवला: ३ पर्यंत चालेल असं लिहिलंय.

इथे बरेच जण फसतात. एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत आली. ३ ला २५ टक्के परत येते, २ ला ११ टक्के. परत न आलेली ताकद आकाशात गेली, केबलमध्ये तापून विरली की हेडसेटच्या वायरीत घुसली, याबद्दल तो मूग गिळून बसतो. डमी लोडचा एसडब्ल्यूआर तर कुठल्याही कंप्रतेवर १ च्या आसपास, आणि त्याच्यातून बाहेर काहीच पडत नाही. शिवाय केबल जितकी खराब तितका आकडा देखणा, कारण जाता-येता दोन्ही वेळा ती ताकद खाते. इथली केबल साधी आरजी-५८ होती, लांबी ३ मीटरच्या आसपास. या पट्ट्यात तेवढ्या लांबीत साधारण ०.६ डेसिबेल जातात. म्हणजे अँटेनापाशी ३ असलेला एसडब्ल्यूआर पॅनेलपाशी अडीचच्या घरात दिसतो. कागदावर पास.

खरं काय ते हाताने कळलं. व्हीएनएच्या पडद्यावर आलेख चालू ठेवला आणि मालकांना म्हटलं, आसनामागची केबल नुसती मुठीत धरा. त्यांनी धरली आणि आलेखातली दरी चार-पाच मेगाहर्ट्झ बाजूला सरकली. मूठ वर सरकवली, दरी आणखी हलली. सोडली, परत जागेवर. नीट बसवलेल्या अँटेनाची केबल धरा, पिळा, तिच्यावर बसा, पडद्यावर काही हलता कामा नये. इथे त्यांचा हातच अँटेनाचा भाग झाला होता. त्यांनी ती मूठ तीन-चारदा धरली-सोडली, आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

मग त्यांनी दोन शंका काढल्या. पहिली, ताटली सांगाड्याला बोल्टने जोडलीय, म्हणजे अख्खा सांगाडाच ग्राउंड प्लेन नाही का? मल्टिमीटर लावून पाहिलं, तर ताटली आणि नळी यांच्यात संपर्कच नव्हता. नळ्यांवर सुंदर पावडर कोटिंग होतं, कानांवरसुद्धा; बोल्ट आवळला की आकडा नाचायचा, सोडला की गायब. दुसरी शंका जास्त मजेची. कापडावर रंगाखाली चांदीसारखा थर असतो, ॲल्युमिनियमच्या भुकटीचा, कापडाला अतिनील किरणांपासून वाचवण्यासाठी. तो धातूच ना? धातू आहे, पण त्याचा प्रत्येक कण राळेत गुरफटलेला. कणाला कण भिडत नाही. मल्टिमीटरच्या दोन्ही सुया त्या थरावर ठेवल्या तर काहीच दाखवत नाही. त्याचा ग्राउंड प्लेन होत नाही.

पत्रा कापण्याआधी एक कच्चा प्रयोग केला. हँगरमधल्या फ्रिजवर खाण्याचे पदार्थ गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल होती. तिच्या चार पट्ट्या, प्रत्येकी ६० सेंटिमीटर. अँटेनाचे स्क्रू सैल करून त्या बुडाखाली दाबल्या आणि कापडावर चारी बाजूंना मास्किंग टेपने चिकटवल्या. आता मूठ धरली तर आलेख जवळजवळ स्थिर. बटण दाबलं, हेडसेट स्वच्छ. विमान दिसत होतं भयानक, पण कापड उघडायला पुरेसा आधार मिळाला.

कायमचं काम

ग्राउंड प्लेनच नको, पूर्ण डायपोल (दोन्ही अर्धे स्वतःचेच असलेला अँटेना) लावू, हाही पर्याय चर्चेत आला. फायबरग्लासच्या विमानांत तो उत्तम आहे. जिम वेअर यांनी १९७० च्या दशकापासून तांब्याच्या पट्टीचे डायपोल विमानाच्या कातडीतच पुरायची पद्धत रूढ केली आणि बाहेर काही दिसतही नाही. पण उभा डायपोल मीटरभराहून लांब होतो, आणि पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यात तो कोंडला तर नळ्या त्याचं काही चालू देत नाहीत. कार्बन फायबरच्या आत अँटेना लपवणं तर सोडूनच द्यावं, तो रेडिओलहरी अडवतो.

राहिला प्रश्न अख्खा पत्रा की पट्ट्या. अर्ध्या मिलिमीटरचा ६० बाय ६० सेंटिमीटरचा पत्रा भरतो जवळपास ४९० ग्रॅम, आणि तरीही तो हवा त्याच्या निम्म्याच रुंदीचा. त्याच जाडीच्या, अडीच सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर लांब चार पट्ट्या भरतात ८० ग्रॅम. शेपटीकडे वजन वाढवायला कुठलाही बांधणारा नाखूशच असतो. पट्ट्या ठरल्या.

चारच का, हेही मालकांनी विचारलं. आरसीए या अमेरिकी रेडिओ कंपनीचे जॉर्ज ब्राउन यांनी १९३० च्या दशकात ग्राउंड प्लेन अँटेना घडवला, तेव्हा त्यांना दोन काड्या पुरेशा वाटत होत्या. दोन काड्यांनी सगळीकडे सारखं प्रसारण होतं यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवणार नाही म्हणून विक्रीसाठी चार केल्या, असा किस्सा सांगितला जातो. आमच्याकडे मात्र चारला सबळ कारण होतं. केबिनच्या मागे पाठ अरुंद आहे आणि पुढे छताची पारदर्शक खिडकी येते, त्यामुळे सगळ्या पट्ट्या सारख्या पसरणं शक्य नव्हतं. पुढच्या दोन खिडकीच्या कडेने तिरक्या गेल्या, मागच्या दोन पाठीवरून निघून बाजूंना खाली वळल्या. सपाट पत्र्यावरच्या दांडीचा रोध ३६ ओहमच्या आसपास असतो; काड्या खाली झुकवल्या की तो वाढत ५० कडे येतो. विमानाच्या उतरत्या पाठीने ते काम फुकटात करून दिलं.

सामानाच्या कप्प्याचं छत काढल्यावर हात आतून पोचत होता, कापड कापावं लागलं नाही. जुनी ताटली काढून तिथे ३० सेंटिमीटरचा जाड पत्रा बसवला, चारही पट्ट्या त्याला रिव्हेट केल्या. तांब्याची टेप चिकटवायला सोपी पडली असती, पण तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून दमट हवेत राहिले की जोड कुजतो, म्हणून ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियमच. पट्ट्यांच्या कडा घासून गोल केल्या आणि वरून कापडी टेप लावली. नाहीतर इंजिनाच्या थरथरीने त्या कडा कापडाला आतून कातरत राहतात, आणि ते कळतं ते रंगावर रेघ उमटल्यावर.

जास्त वेळ गेला तो जोडांवर. कानांवरचं पावडर कोटिंग बोल्टच्या भोवती पॉलिश पेपरने खरवडून चकचकीत धातू उघडा केला, जोड आवळला आणि मगच बाहेरून सीलंट फिरवला. पुष्कळ जण पाणी शिरू नये म्हणून सीलंट मध्येच भरतात. मग पाणी शिरत नाही आणि करंटही जात नाही. अँटेनाचं बूड ते सांगाडा हा रोध मिलिओहममध्ये मोजावा लागतो, साधा मल्टिमीटर तिथे उपयोगाचा नाही. आमचा २.५ मिलिओहमच्या आत आला.

उडताना अँटेनावर वाऱ्याचा जोर किती येईल याची धास्ती मालकांना होती. ती निराधार निघाली. अमेरिकी हवाई प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत सूत्र आहे: ०.०००३२७ गुणिले अँटेनाचं समोरचं क्षेत्रफळ चौरस फुटांत, गुणिले ताशी मैलांतल्या वेगाचा वर्ग, उत्तर पौंडांत. ०.१३५ चौरस फुटांच्या अँटेनावर ताशी १२० मैलांना तो येतो ०.६४ पौंड, तीनशे ग्रॅमसुद्धा नाही. थरथर सहन करणं हे खरं काम, आणि त्यासाठी जाड पत्रा होता.

केबल बदलून आरजी-४०० टाकली. तिचं नुकसान थोडंच कमी आहे. फायदा आहे दुहेरी जाळीचा, आणि आवरण टेफ्लॉनच्या कुळातलं असल्यामुळे उष्णता सोसण्याचा. अँटेनाच्या बुडाशी केबलवर फेराइटचे मणी ओवले, उरलासुरला करंट तिथेच अडावा म्हणून. हेच मणी आधी हेडसेटच्या वायरीवर होते तेव्हा ते लक्षण दाबत होते. ते देखणं जुडगं सोडायला मालक नाखूश होते, पण केबल शेवटी विमानाच्या दुसऱ्या बाजूने नेली.

नंतर

एसडब्ल्यूआर आता पूर्ण पट्ट्यात २ च्या खाली आहे. आधीच्या १.७ पुढे हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण केबल मुठीत धरली तर आलेख हलत नाही, शिट्टी नाही, तेलाचा आकडा शांत.

जीपीएसची चाचणी मी आग्रहाने करून घेतली, कारण ती सहसा राहून जाते. जीपीएसचा संकेत १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. १२१.१७५ ला १३ ने गुणा किंवा १३१.२७५ ला १२ ने, उत्तर त्याच्या अगदी शेजारी जातं. त्यामुळे १२१.१५० ते १२१.२०० आणि १३१.२५० ते १३१.३०० या टप्प्यांत कुणी बोलत नाही याची खात्री करून अर्धा-अर्धा मिनिट बटण दाबायचं आणि उपग्रहांचे दांडे पडतात का ते बघायचं. आपत्कालीन बीकनचा अँटेनाही जवळ असेल तर तोही यात खोडा घालू शकतो. इथे दांडे पडले नाहीत. होकायंत्राची सुईही बटण दाबून पाहिली, हलली नाही.

हवेत ३००० फुटांवर, टॉवरपासून ४० किलोमीटर अंतरावर एक सपाट गोल मारला. एवढ्या उंचीवरून रेडिओचं क्षितिज सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे अंतराची सबब चालणार नव्हती. टॉवरने सगळ्या दिशांना शब्द स्वच्छ असल्याचं सांगितलं, फक्त नाक थेट टॉवरकडे असताना आवाज जरा बारीक झाला. पुढच्या पट्ट्या खिडकीमुळे तिरक्या आहेत आणि समोर पंखाचा मध्यभाग येतो, त्यामुळे तो कोन थोडा कमजोर राहणार. त्यासाठी अँटेना हलवण्यात अर्थ नव्हता.

लॉगबुकमध्ये नोंद झाली, बदललेलं रिकामं वजन आणि गुरुत्वमध्य पुन्हा मांडला गेला. वार्षिक तपासणीच्या यादीत मालकांनी स्वतःच्या अक्षरात दोन बाबी वाढवल्या: जोडाचा मिलिओहम, आणि केबल मुठीत धरून आलेख पाहणे. पोटाखालच्या ट्रान्सपॉन्डरच्या ताटलीला कुणी हात लावला नाही. ती तिच्या मापाला बरोबरच होती.